वर्दीतात्यांची दुसरी वर्दी

गावात काहीही मेलं की वर्दीतात्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे, “मेला की मारलान?” आपण होऊन मेला की कुणी मारला, एवढंच त्यांना हवं असायचं. मरणारा माणूसच असला पाहिजे असंही नव्हतं. कुणाचा बैल गोठ्यात पडला तरी तात्या हजर. एकदा एकाचं भरल्या मोहराचं हापूसचं कलम उभ्या उभ्या वाळलं. सगळ्यांनी “कीड लागली” म्हणून सोडून दिलं. तात्यांनी बुंध्याची साल खरवडली, सुताराच्या सामत्यानं पाडलेली दोन भोकं शोधली, आत भरलेला मोरचूद बोटावर घेऊन शेजाऱ्याच्या नाकासमोर धरला आणि म्हणाले, “मारलान.” झाडाचा पंचनामा करणारा पोलीस पाटील म्हणून त्यांची पुढे वर्षभर टिंगल झाली. माझ्या खोलीत पाल मेली तेव्हा मीही पोरांसमक्ष ओरडलो होतो, “तात्यांना बोलवा रे!” तात्या त्या वेळी नेमके खिडकीखालून चालले होते. ते थांबले आणि पालीची चौकशी करून गेले.

लांजा तालुक्यातल्या त्या गावात मी ऐंशी साली मास्तर म्हणून गेलो. माणूस कऱ्हाडकडचा, म्हणजे त्यांच्या भाषेत घाटी. पहिले सहा महिने त्यांचं बोलणं मला कळत नव्हतं आणि माझं बोलणं त्यांना भांडणासारखं वाटत होतं. तात्या तिथले पोलीस पाटील. गावात कुणी दगावलं की आठ मैल चालत जाऊन ठाण्यात वर्दी द्यायची, हे त्यांचं मुख्य काम. म्हणून ते वर्दीतात्या. काटकुळा देह, काळी टोपी, काखेत छत्री. घरी बायको होती, मूलबाळ नव्हतं. थोरला भाऊ वारल्यावर त्याचा मुलगा वसंता तात्यांनीच वाढवला आणि मुंबईला गिरणीत चिकटवला. या वसंताबद्दल पुढे सांगायचंच आहे.

तात्यांचं अक्षर म्हणजे मुंगळा शाईत बुडवून कागदावर सोडावा तसं. त्यामुळे मी आल्यावर वर्दी लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं. मी खूश होतो. माझं अक्षर मोत्यासारखं आहे असं मला वाटतं आणि ते मिरवायला त्या गावात दुसरी सोय नव्हती. “सदर इसम विषारी जनावर चावून मयत झाला”, “सदर बाई पाणी भरत असता पाय घसरून विहिरीत पडून मयत झाली”, अशी वाक्यं मी झोकात लिहीत असे. अशीच एक पाय घसरलेली बाई लिहून झाल्यावर तात्या म्हणाले, “गुर्जी, आपल्या गावच्या बावी लय निसरड्या हायत. आनि त्या पन फक्त सासुरवाशिनींना.” मी हसलो. ते हसले नाहीत. कागदाची घडी घालून खिशात ठेवत म्हणाले, “लेकी आपल्या म्हायेरच्या बावीवर कधी घसरत नायत. बगा तुमी.” त्यानंतर ते वाक्य लिहिताना माझा झोक थोडा कमी झाला. पण लिहिलं मी, नाही असं नाही. गावाने तोंड मिटलं की तात्या तरी साक्षीदार आणणार कुठून? तिच्या माहेरचे लोकसुद्धा बाराव्याचं जेवून गेले होते.

चौकशीची त्यांची एक तऱ्हा होती. जिथे मरण आलं तिथे जायचं आणि काही न बोलता घडीभर बसायचं. मी विचारलं, “तात्या, बसून काय समजतं?” म्हणाले, “काय समजत नाय. पन मानूस ज्या जागेवर मेला तिथं बसला की आपली जीब जड होते. मग उगाच कायतरी बोलवत नाय.” मला ते तेव्हा वयोपरत्वे आलेलं खूळ वाटलं होतं.

मग बिबट्याचं प्रकरण झालं. बिबट्याने वाडीतल्या चार शेळ्या नेल्या, तेव्हा दोघा-तिघांनी फासकी लावून त्याला मारला. गावाने त्यांना देवळासमोर नारळ दिले, हार घातले आणि बिबट्याला मध्ये झोपवून फोटो काढला. तो फोटो कुठल्याशा पेपरात छापून आला आणि चौथ्या दिवशी जंगल खात्याची जीप दारात! हार घातलेल्या सगळ्यांना उचललं, नारळ देणाऱ्या गावकाराचीही चौकशी झाली. गावकार म्हणजे गावचा मुख्य मानकरी. त्याच्या दारात सरकारी माणूस आजवर जेवायलाच आलेला. गाव चक्रावून गेलं. आम्ही तर पुण्याचं काम केलं आणि हा गुन्हा कसा? तात्या मात्र आठवडाभर त्याच विचारात होते. शाळेच्या पायरीवर बसून मला म्हणाले, “बिबट्याला सरकार वाली हाय. वाली असला म्हंजे मरनाला वजन येतंय. त्या बावीतल्या पोरीला कोन व्हता?” मी म्हणालो, “कायद्यापुढे सगळे सारखे असतात तात्या.” हे वाक्य मी नागरिकशास्त्राच्या तासाला नेहमी म्हणायचो. त्यांनी माझ्याकडे जरा कीव आल्यासारखं पाहिलं.

पुढे गिरण्यांचा संप झाला आणि मुंबईची माणसं गावाला येऊन बसली. वसंताही आला. तिशीचा, उमदा, हाताला काम नाही आणि डोक्याला स्वस्थता नाही असा. त्या पौषात गावाने डुकराच्या शिकारीचा हाका ठरवला. त्याची रीत अशी, की बंदूकवाले एका बाजूला दबा धरून बसतात आणि हाकारे डबे वाजवत, ओरडत रान उठवून जनावर त्यांच्यावर घालतात. बंदुका गावातल्या मानाच्या घरांच्या. हाकारे पलीकडच्या कातकरवाडीतले. शिकारीचे वाटे पडतात तेव्हा हाकाऱ्याला एक वाटा आणि कुत्र्यालाही एक वाटा. तात्या शिकारीला कधी जात नसत आणि आलेला वाटाही घेत नसत. त्यांना मटण पचत नाही असं त्यांची बायको सांगायची.

त्या दिवशी दुपारी वसंताने बार टाकला आणि करवंदीच्या जाळीमागे लहानू नावाचा कातकरी मेला.

संध्याकाळी देवळात बैठक भरली. मी मास्तर म्हणून, म्हणजे लिहिणारा म्हणून, हजर होतो. वसंता खांबाला टेकून बसला होता, त्याचे दात वाजत होते. गावकार म्हणाला, “झाला ता झाला. शिकारीत असा होतंच. देवाला विचारू.” तिथे देवाला विचारतात ते कौल लावून. गुरव ओल्या पाषाणावर पाकळ्या चिकटवतो. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. गाऱ्हाणं घातलं, की बाबा, हे पोराच्या हातून अजाणता घडलं, गावाने पोटात घालावं का? सगळे श्वास रोखून बघत राहिले. उजवी पडली. लोकांच्या चेहऱ्यावर एवढी सुटका दिसली की मलाही बरं वाटलं, हे कबूल करतो. मग भराभर ठरलं. लहानूच्या बायकोला चार मण भात आणि त्या दिवशी मिळालेल्या डुकरातलं वसंताच्या वाटणीचं मटण द्यायचं, आणि वर्दीत लिहायचं, की लहानू मधाचं पोळं काढताना झाडावरून पडून मेला. गावकार माझ्याकडे वळून म्हणाला, “गुर्जी, ब्येस अक्षरात लिवा.”

तात्या तोवर दाराशी उभे होते. ते तिथूनच म्हणाले, “देव पावसाचा सांगेल, लग्नाचा सांगेल. बार कुनी टाकलान, ह्या त्याला कशाला विचारता? तो काय दबा धरून बसला व्हता?”

कुणीतरी ओरडलं, “तात्या, तुझ्याच घरातला पोरगा हाय!”

“म्हनून तर बोलतंय,” तात्या म्हणाले. “आनि लहानू झाडावर चढत नव्हता. लहानपनी पडून त्याचा पाय मोडलेला, तो लंगडत चालाचा. वीस वर्सं तुमच्या शेतात राबला, तुमाला एवढा पन ठाव नाय? कातकरी म्हनल्यावर झाडावर चढवलात त्याला.”

 खरोखरच कुणाच्या लक्षात नव्हतं. मीही लहानूला शाळेच्या कुंपणाला काटी घालताना कितीदा पाहिलं होतं, पण तो लंगडतो हे मला तेव्हा कळलं.

तात्या कंदील घेऊन रानात गेले आणि लहानूच्या प्रेताशेजारी बसून राहिले. प्रेत हलवू दिलं नाही. पहाटे उजाडता उजाडता ते माझ्या खोलीवर आले. पायांना माती, टोपी हातात. म्हणाले, “लिवा. वसंताने टाकलेला बार लागून मयत.” मी कागद घेतला, पण लिहवेना. मी म्हणालो, “तात्या, गाव तुम्हाला वाळीत टाकेल. वसंता तुरुंगात जाईल. लहानू काही परत यायचा नाही. आणि पोराने मुद्दाम थोडंच केलं?”

ते माझ्यासमोर जमिनीवर बसले. मग जे बोलले ते मी त्यांच्याच शब्दांत सांगतो, कारण माझ्या शब्दांत ते बरं दिसेल आणि ते बरं दिसू नये.

“मी सव्वीस वर्सांचा व्हतो गुर्जी. असाच हाका. जाळी हालली. डुक्कर असंल असा वाटला. मानूस असंल असा पन वाटला. दोनी वाटला, आनि मी बार टाकला. गोमा व्हता, कातकरवाडीतला. त्या टायमाला पन कौल लावलान, उजवी पडली. झाडावरून पडला म्हनून लिवलान. कुनी मना येक शब्द विचारला नाय. उलट दोन वर्सांनी पोलीस पाटील केलान, मानूस सरळ हाय म्हनून. तीस वर्सं मी वाट बघतंय, कोनतरी विचारील. त्या जाळीमागं गावकाराचा पोर हाकायला असता तर मी थांबलो असतो की नाय? थांबलो असतो गुर्जी. येवढाच माझा गुन्हा हाय, आनि तो कुठल्या कागदावर नाय.”

  त्या माणसाच्या प्रश्नाला आम्ही गावभर हसलो होतो आणि तो प्रश्न त्यांना स्वतःला कुणीतरी विचारावा म्हणून ते सगळ्यांना विचारत फिरत होते.

“वसंताला मी वाढवला,” ते म्हणाले. “त्याला माझ्यासारखा म्हातारा होऊ द्याचा नाय मना. त्याला आजच विचारू दे कुनीतरी. आता दोन वर्द्या लिवा. येक लहानूची, येक गोमाची.”

मी दोन्ही लिहिल्या. माझं अक्षर त्या दिवशी वाईट आलं.

आम्ही दोघे ठाण्यात गेलो. हवालदाराने पहिली वर्दी घेतली, कपाळाला आठ्या घातल्या आणि माणसं पाठवायच्या तयारीला लागला. दुसरी त्याने दोनदा वाचली. मग आतून एक जाडजूड जुनी वही काढायला लावली, धूळ झटकली, पानं उलटली. “ही बघा नोंद. गोमा, झाडावरून पडून. निकाली. पाटील, मयत निकाली निघालेला आहे, आता मारताय कुणाला?” स्वतःच्या विनोदावर तो हसला. तात्या म्हणाले, “सायेब, मी मारला त्याला.” हवालदार चांगल्या मनाचा होता. त्याने कागद घडी घालून परत दिला, पोऱ्याला चहा आणायला सांगितलं आणि म्हणाला, “घरात दुःख झालंय, डोकं ठिकाणावर नाही तुमचं. चहा घ्या.” खून कबूल करायला आलेल्या माणसाला चहा पाजून परत पाठवलेलं मी डोळ्यांनी पाहिलं. तात्यांनी तो चहा घेतला नाही.

पुढचं सगळं मी म्हणालो तसंच झालं. वसंताला नेलं. गावात तात्यांशी बोलणं बंद झालं, त्यांच्या हातचं पाणी बंद झालं, पोलीस पाटीलकीही गेली. शिमग्याला देवाची पालखी घरोघर येते. त्या वर्षी तात्या अंगणात रांगोळी घालून, ओटीचा नारळ हातात घेऊन उभे होते. पालखी त्यांच्या बेड्यापाशी, म्हणजे अंगणाच्या फाटकापाशी, आली आणि ढोल न थांबवता पुढे गेली. ज्याच्या दारी पालखी थांबत नाही त्या घराला तिकडे जिवंत माणसांचं घर समजत नाहीत. त्यांची बायको आत जाऊन रडली. मला संताप आला. मी तरातरा त्यांच्या अंगणात गेलो आणि गावाला चार शिव्या घातल्या, अस्सल घाटावरच्या. तात्या नारळ बायकोकडे देत म्हणाले, “देव दमला असंल गुर्जी. येवढी घरां फिरून आला.”

कोर्टात वसंताचा वकील साक्षीदार फिरवून तयार होता. गावातला एकही माणूस वसंताविरुद्ध बोलला नसता. पण न्यायाधीशांनी विचारलं, गुन्हा कबूल आहे का, तेव्हा वसंता तात्यांकडे न बघता म्हणाला, “कबूल.” वकिलाने कपाळावर हात मारला. वर्षभराची शिक्षा झाली. तो भोगून आला, थोडा हडकला होता, पण रात्री झोपायचा. हे तात्यांनीच मला सांगितलं. “झोपतंय तो,” एवढंच, आणि डोळे पुसले.

गोमाची वर्दी मात्र त्यांच्या खिशातच होती. माझ्या बदलीचं कळल्यावर ते आले. म्हणाले, “तुमी जाच्या आदी येक काम करा. सरकार घेत नाय तर ज्याची त्याला देऊ. गोमाची लेक हाय, ठकू. दोन डोंगर पल्याड दिलीहाय. मना नीट वाचता येत नाय.”

आम्ही सकाळी निघालो, ऊन तापायच्या वेळेला पोचलो. ठकूबाई चाळिशीची असेल, अंगणात मोळी बांधत होती. पाटील आलेले पाहून गडबडीने घोंगडी घालायला लागली. “या पाटील, बसा.” तात्या बसले नाहीत. मला म्हणाले, “वाचा.” मी माझ्याच वाईट अक्षरातली ती वर्दी वाचली. गोमाचं नाव, हाका, करवंदीची जाळी, डुक्कर वाटलं, माणूसही वाटला, तरी बार टाकला. खाली तात्यांचं नाव.

तिने मला पुन्हा वाचायला लावलं. दुसऱ्यांदा ऐकताना ती तात्यांच्या तोंडाकडे बघत होती. मग म्हणाली, “आय सांगायची, दारू पिऊन झाडावर चढला नि पडला. पोरांचा इचार नाय केलान. मरेस्तवर तिनं त्याला शिव्या घातल्या. मी माज्या येका पन पोराला बापाचं नाव ठेवलं नाय.”

तात्यांनी टोपी काढून हातात घेतली. काही बोलायला तोंड उघडलं, पण तिने हात वर केला. घोंगडी उचलून आत टाकली.

“बसू नको,” ती म्हणाली. “उबा ऱ्हा तितंच. मी सांगस्तवर.”

आणि ती मोळी बांधायला लागली. ती बांधून झाल्यावर दुसरी बांधली. मग पाण्याला गेली, आली, चूल पेटवली, भाकऱ्या थापल्या, पोरांना जेवायला घातलं. तात्या भर अंगणात उन्हात उभे होते. साठीच्या घरातला माणूस, डोक्यावर टोपी नाही. मी कुडाच्या सावलीला बसलो होतो. एकदा न राहवून उठलो आणि पाणी घेऊन त्यांच्याकडे निघालो, तर त्यांनी मान हलवून नको म्हटलं. पोरं येऊन बघून जात होती. ऊन कललं, सावल्या अंगणभर पसरल्या, तरी ती काही बोलेना. शेवटी दिवा लावायच्या वेळेला ती बाहेर आली, त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, “जा आता.” कागद तिने मागून घेतला, वाचता येत नव्हता तरी.

आम्ही चढ चढून वर आलो. तात्या पावलोपावली थांबत होते. मी त्यांना दगडावर बसवलं, पोटऱ्या चेपायला लागलो. ते “नको, नको गुर्जी” म्हणाले, पण मग पाय लांब करून बसले, आणि खालच्या वाडीतले दिवे बघत म्हणाले, “पाय लय दुकतायत हो.”

चार वर्षांत तो माणूस इतक्या समाधानाने काही बोललेला मी ऐकला नव्हता.